मुंजीची डीव्हीडी बनवताय? या चुका टाळा

ऐरोलीच्या मावशीला मोबाइलच्या स्क्रीनवर काही नीट दिसत नाही. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर मात्र तिला पक्का वापरता येतो. म्हणून भाच्याच्या मुंजीची डीव्हीडी मी ठाण्यात घरीच बनवली. पहिल्या खेपेला ‘शुभमंगल’ ऐकू आलं, पण चित्र गोठलेलं. ‘सावधान’ झाल्यावर ते हललं. तो क्षण परत येणार नाही, म्हणून हे लिहितोय.

दोष माझ्या कापण्यात होता. व्हिडिओत पूर्ण चित्र असलेली फ्रेम, म्हणजे कीफ्रेम, अधूनमधूनच असते. मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल साठवलेला असतो. अ‍ॅव्हिडेमक्स या व्हिडिओ कापायच्या प्रोग्रॅममध्ये ‘कॉपी’ ठेवून, म्हणजे पुन्हा कन्व्हर्ट न करता कापायचं असेल तर सुरुवातीची खूण कीफ्रेमवरच हवी. वर-खाली बाणांनी थेट कीफ्रेमवर जाता येतं, आणि खाली फ्रेमचा प्रकार ‘आय’ (I), म्हणजे कीफ्रेम, दिसतो. दोन सेकंद आधीची कीफ्रेम घ्या. भटजींचा खाकरण्याचा आवाज आला तरी चालेल, मंगलाष्टक तुटायला नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट केल्याने. कापलं की एकदा, जोडलं की एकदा, डीव्हीडीसाठी आणखी एकदा; दर वेळी चित्र थोडं पुसट होतं. आधी मूळ फाइल कापा, मग एकदाच एमपेग-२, म्हणजे डीव्हीडीला लागणाऱ्या प्रकारात, कन्व्हर्ट करा. आणि मूळ म्हणजे फोनमधून केबलने घेतलेली फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली आधीच दाबून लहान (कॉम्प्रेस) केलेली असते.

हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या प्रोग्रॅमने डीव्हीडी बनत नाही, तो एमपी४, एमकेव्ही अशा फाइल देतो. नुसती एमपी४ डिस्कवर टाकली तर जुने प्लेअर ती वाचत नाहीत. त्यांना व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) नावाचा फोल्डर लागतो. डीव्हीडीस्टायलर हा डीव्हीडी बनवायचा प्रोग्रॅम तो तयार करून देतो.

त्यात आपल्याकडची टीव्ही पद्धत, पाल (PAL), निवडा: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. फोनचं चित्रीकरण बहुधा ३० फ्रेमचं, तेही कमीजास्त वेगाचं असतं. म्हणून कन्व्हर्ट करताना फ्रेमदर स्थिर ठेवा, नाहीतर शेवटाकडे ओठ आणि आवाज जुळत नाहीत. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ हवा. उभा व्हिडिओ ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या.

मिनीडीव्ही, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यातल्या छोट्या टेपवरचं चित्रीकरण असेल, समजा गडकरी रंगायतनमधलं एखादं नृत्य, तर फील्डचा, म्हणजे चित्राच्या एकाआड एक ओळींच्या दोन भागांचा, क्रम सांभाळा. त्या टेपवर खालची फील्ड आधी असते. क्रम उलटा दिला की नाचणाऱ्याचे हात थरथरल्यासारखे दिसतात.

एका थराच्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. दोन तासांसाठी हिशोब सेकंदाला साधारण ५,२०० किलोबिट येतो. आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा करून चित्राला ४,८०० ठेवा. तीन तास कोंबलेत तर होमाच्या धुरात चौकोन दिसतील. त्यापेक्षा दोन डिस्क करा. तासाभराचंच असेल तरी ९,८०० च्या वर जाऊ नका. मी ८,००० वर थांबतो, कारण जुने प्लेअर त्याहून जास्तीला अडखळतात.

डिस्क बर्न करताना, म्हणजे लिहिताना, वेग कमी ठेवा, शेवटी ती फायनलाइझ करा, म्हणजे लिखाण बंद करा, आणि वर कागदी लेबल चिकटवू नका. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे बिघाड बहुधा कडेला, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत सापडतो. ती दहा मिनिटं कॉम्प्युटरवर नाही, टीव्हीच्या प्लेअरवर पाहा, आणि मगच डिस्क मावशीकडे पाठवा.