या चुका टाळा: धावत्या दिव्याचा प्रकाश आणि बेरजेचा मोह

मिरकरवाड्याच्या जेटीला लागणाऱ्या होडीवरून खलाशी दोर फेकतो. दोराला हाताचा वेग मिळतो, वर होडीचाही. ही बेरीज लहानपणापासून डोळ्यांत बसलेली, म्हणून शिकवणीतली पोरं होडीच्या दिव्याच्या प्रकाशालाही तोच हिशेब लावतात. मागच्या चाचणीत एकाने रेल्वेच्या हेडलाइटच्या प्रकाशाचा वेग 'तीन लाख अधिक १२०' लिहिला. पहिला आकडा सेकंदाचा, दुसरा तासाचा, ते आणखी वेगळंच!

दिवा थांबलेला असो, जवळ येवो की लांब जावो, निर्वातात प्रकाश सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटरच धावतो. आइन्स्टाइनने १९०५ साली गृहीत धरलं, एवढाच याला आधार नाही. १९१३ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ डी सिटरने एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांकडे बोट दाखवलं. फिरता फिरता आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश जास्त वेगाने सुटला असता, तर त्याने आधी निघालेल्या प्रकाशाला वाटेत गाठलं असतं आणि ताऱ्याची कक्षा वेडीवाकडी दिसली असती. तशी ती दिसत नाही. तारे फार लांबचे वाटत असतील तर १९६४ चा सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन केंद्रातला प्रयोग घ्या: प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने पळणाऱ्या पायॉन नावाच्या सूक्ष्म कणांमधून निघालेले गॅमा किरण (हाही न दिसणारा प्रकाशच) नेहमीच्याच वेगाने आले. बेरीज खरी असती तर आकडा जवळपास दुप्पट भरला असता.

पुढची चूक हुशार पोरांची. "म्हणजे आवाजासारखंच ना, सर?" निम्मं बरोबर. गाडी पुढे येतेय म्हणून भोंग्याचा आवाज जास्त वेगाने येत नाही. हवेतून तो सेकंदाला साधारण ३४० मीटरनेच येतो, फक्त सूर चढतो. पण तुम्हीच भोंग्याकडे धावलात तर तुमच्या दृष्टीने आवाजाचा वेग वाढतो, कारण त्याचा व्यवहार हवेशी. प्रकाशाचं तसं नाही. दिव्याकडे धावा नाहीतर पाठ फिरवून पळा, तुमच्या मोजमापात आकडा तोच. उपमा इथे सोडायची. मी स्वतः ती बरीच वर्षं ताणली.

वेग बदलत नाही म्हणून काहीच बदलत नाही, असंही लिहू नका. जवळ येणाऱ्या दिव्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो, लांब जाणाऱ्याचा तांबड्याकडे.

आणि 'निर्वातात' हा शब्द गाळू नका. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो. वाहत्या पाण्यात तो वेग किंचित बदलतोही. फ्रेंच शास्त्रज्ञ फिझोने १८५१ मध्येच ते दाखवलं. तिथे पाणी हलत होतं, दिवा नव्हे. तरी खाडीच्या ओहोटीचं उदाहरण देऊन मला अडवणाऱ्या पोराला मी अर्धा गुण दिला.