डिकीतल्या पाण्याचा माग

आमच्या जळगाव-धुळ्याकडे आठ महिने कोरडे जात असल्याने हॅचबॅकच्या डिकीतील गळती पावसाळ्यापर्यंत लक्षातच येत नाही. माझ्याही लक्षात ती स्टेपनी काढताना, खळग्यात चार बोटे पाणी आणि गंजलेला जॅक दिसला तेव्हाच आली.

पाणी साचते तेथूनच ते शिरते असे नाही, म्हणून आधी गालिचा, स्टेपनी व बाजूची प्लास्टिक आवरणे काढून पत्रा कोरडा पुसावा आणि जोडांखाली टाल्कम पावडर भुरभुरावी, कारण बारीक ओघळही तिच्यावर स्पष्ट रेघ ओढतो. मागची सीट पाडून एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, आणि दुसऱ्याने नळीने, जोर न लावता, खालून वर पाणी सोडावे: बंपर, दिवे, दाराची कड, शेवटी छताचा जोड, प्रत्येक जागी पाचेक मिनिटे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी जागा कळत नाही.

माझ्या गाडीत डाव्या टेललॅम्पचे गॅस्केट (दिवा व पत्र्यामधली पाणी अडवणारी पट्टी) उन्हाने कडक होऊन चपटे झाले होते. बंपरमागील हवेच्या झडपा आणि मागच्या वायपरची पाण्याची नळीही पाहावी. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर तेथे रबर बसत नाही. गळती बुजवायला आंबट वासाचे सिलिकॉन मात्र फासू नये, त्याने पत्रा गंजतो.