तीन तासांत पाव जात नाही: न्यूक्लियर मेडिसिनला नव्याने येणाऱ्यांसाठी

बीएस्सी फिजिक्स करून न्यूक्लियर मेडिसिनच्या कोर्सला आलेल्यांना अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्गी साठा निम्मा व्हायला लागणारा वेळ, नवं नसतं. ०.६९३ भागिले लॅम्डा (क्षयाचा वेग सांगणारा स्थिरांक) झोपेतही आठवतं. अडतं ते हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी डोस तयार करायच्या खोलीत, सकाळच्या घाईत. मीही तिथेच सगळ्यात जास्त झगडलो, म्हणून त्या एकाच जागेबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

समजा, बोन स्कॅनच्या पेशंटला साडेअकराला २० मिलीक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) टेक्नेशियम-९९एम द्यायचे आहेत आणि सिरिंज साडेआठलाच भरून ठेवायची आहे. त्याचं अर्धायुष्य ६ तास. किती भराल? मनात पहिल्यांदा येतं ते असं: ६ तासांत निम्मं, म्हणजे ३ तासांत पाव जाणार, ७५ टक्के उरणार. हे साफ चूक आहे आणि हुशार मुलंही इथे फसतात.

कर्जाच्या हप्त्यासारखी दर तासाला ठरलेली रक्कम इथे जात नाही. त्या क्षणी जेवढं शिल्लक असेल त्याचा ठरावीक हिस्सा जातो. ३ तासांचे दोन टप्पे धरा. दोन्ही टप्प्यांत एकाच संख्येने गुणायचंय आणि शेवटी ०.५ यायला हवं. ०.७५ गुणिले ०.७५ करा, ०.५६ येतं. जमलं नाही. हवं ते ०.५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७०७. पहिल्या ३ तासांत २९.३ टक्के गेले, पुढच्या ३ तासांत २०.७. तासातासाने पाहिलं तर १०० वरून ८९.१, ७९.४, ७०.७, ६३, ५६.१ आणि मग ५०. ही रांग एकदा हाताने काढाच. नुसती वाचून काही होत नाही.

तर सिरिंजमध्ये हवेत २० भागिले ०.७०७, म्हणजे २८.३ मिलीक्युरी. ७५ टक्क्यांच्या हिशोबाने २६.७ भरले असते आणि पेशंटला १८.९ च मिळाले असते. बोन स्कॅनला एवढ्याने आभाळ कोसळत नाही, हे खरं. पण तीच सवय घेऊन पेट (PET) स्कॅनच्या कामात गेलात तर फार जड जाईल. तिथल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं. ते आणणारी गाडी ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकली तर निघताना होतं त्याचं ४७ टक्केच हातात येतं.

लॅम्डाचंही तसंच. टेक्नेशियमसाठी तो तासाला ०.११५५ येतो. म्हणजे तासाभरात ११.५५ टक्के जाणार? नाही, वरच्या रांगेत पाहा, १०.९ च गेलेत. लॅम्डा हा त्या क्षणाचा वेग आहे आणि तास सरेपर्यंत साठा कमी झालेला असतो. व्हायव्हाला हे हमखास विचारतात.

लेबलवरची कॅलिब्रेशनची (लिहिलेला आकडा ज्या क्षणाचा आहे ती) तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय गणिताला हात लावू नका. आयोडीन-१३१ ची बाटली सोमवारी आली आणि लेबलवर गुरुवारसाठी १०० मिलीक्युरी लिहिलंय, तर सोमवारी तिच्यात सुमारे १३० आहेत. अर्धायुष्य ८ दिवसांचं, आपण ३ दिवस आधी उभे आहोत. मागे जाताना आकडा वाढायला हवा. वाढला नाही तर गुणाकार-भागाकाराची अदलाबदल झालीय, तिथेच थांबा.

मोबाइलवरच्या डिके (क्षय) कॅल्क्युलेटरबद्दल माझं मत कडक आहे: पहिले काही महिने तो उघडूच नका. ॲप आकडा देतं, पण वेळ उलटी टाकली तरी तेवढ्याच आत्मविश्वासाने देतं. ‘चार्ट बघ आणि भर’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा ‘आधी अंदाज सांग, मग मोज’ म्हणणारा सीनियर शोधा. तो वैताग आणेल, पण शिकाल त्याच्याकडेच.

किरणोत्सर्गी कचऱ्याच्या बाबतीत ‘दहा अर्धायुष्यं झाली की संपलं’ असं सर्रास बोललं जातं. संपत नाही. दहांनंतर १०२४ वा भाग उरतो. आयोडीनला त्यासाठी ८० दिवस लागतात आणि सुरुवात १०० मिलीक्युरीने झाली असेल तर तेव्हाही जवळपास १०० मायक्रोक्युरी शिल्लक असते. सर्व्हे मीटरने (किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्राने) मोजल्याशिवाय पिशवी बाहेर काढायची नाही म्हणजे नाही.

एवढं वाचून धास्ती घेऊ नका. रोजच्या कामात चार-पाचच आयसोटोप येतात आणि त्यांचे आकडे आपोआप तोंडात बसतात. मॉलिब्डेनम-९९ चे ६६ तास घ्या: आजच्या जनरेटरमध्ये (मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम मिळवायचं उपकरण) उद्या याच वेळी ७८ टक्के मॉलिब्डेनम उरेल, आणि तोवर टेक्नेशियम पुन्हा जवळपास कमाल पातळीला आलेलं असेल, म्हणून एल्युशन, म्हणजे ते टेक्नेशियम धुऊन काढणं, रोज सकाळी. परवा किती उरेल, ते कागदावर काढून बघा. ६० टक्क्यांच्या आसपास आलं, तर तुमची गाडी रुळावर आहे.