मोठ्या संख्येचे अवयव हाताने कसे पाडावेत

उदाहरणादाखल २,०२,७६,५१,२८१ ही संख्या घेऊ. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितीने आपली रीत समजावताना हीच संख्या निवडली होती.

२, ३ आणि ५ च्या कसोट्या सर्वांना ठाऊक आहेत. येथे तिन्ही निष्फळ ठरतात. ७, ११ आणि १३ एकदम तपासण्यासाठी स्वल्पविराम पुसून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत, कारण ही कसोटी ७ × ११ × १३ = १००१ यावर उभी आहे आणि लाख-कोटींचे गट तिथे उपयोगी पडत नाहीत. २८१ − ६५१ + २७ − २ = −३४५; ३४५ ला तिघांपैकी कोणीही भागत नाही. त्यानंतर हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे.

खरी अडचण येथून पुढे आहे. ‘वर्गमूळापर्यंत भागत राहा’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो देणाऱ्याने स्वतः कधी भागाकार केलेले नसतात: येथे वर्गमूळ ४५,०२९ च्या किंचित पुढे आहे आणि तोवर चार हजारांहून अधिक मूळ संख्या येतात. त्याऐवजी वर्गमूळाच्या लगेच पुढची संख्या, म्हणजे ४५,०३०, घेऊन तिच्या वर्गातून मूळची संख्या वजा करावी. उरतात ४९,६१९. ही बाकी पूर्ण वर्ग असेल, तर दोन वर्गांच्या वजाबाकीच्या सूत्राने अवयव हाती येतात. नसेल, तर एक पाऊल पुढे जावे. मात्र दर वेळी नवा वर्ग काढत बसू नये. बाकीत प्रथम ९०,०६१ मिळवावेत, मग ९०,०६३, मग ९०,०६५, अशी दोनदोनने वाढणारी संख्या मिळवत गेले की पुरते.

प्रत्येक बाकीचे वर्गमूळ काढणे हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. शेवटचे दोन अंक पाहावेत: एकक २, ३, ७ किंवा ८ असेल तर ती बाकी वर्ग नव्हे; एकक १, ४ किंवा ९ असताना दशक सम हवा, ६ असताना विषम हवा; ५ असेल तर शेवट २५ आणि शून्य असेल तर ०० हवा. या चाळणीतून पहिल्या अकरा बाक्यांपैकी फक्त ४,९९,९४४ निसटते, आणि तिच्या अंकांची बेरीज ३९, पुढे १२, शेवटी ३ येते; पूर्ण वर्गाची ती १, ४, ७ किंवा ९ च येते. बारावी बाकी १०,४०,४०० आहे, म्हणजेच १,०२० चा वर्ग. म्हणून अवयव ४५,०४१ − १,०२० आणि ४५,०४१ + १,०२०, अर्थात ४४,०२१ आणि ४६,०६१.

अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ही रीत चालते. ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर या स्विस गणितीने १७३२ मध्ये दाखवले. तेथे या रीतीला बत्तीस लाखांहून अधिक पावले लागली असती. हजारापर्यंतचे भागाकार आळसाने टाळू नयेत, असे मी बजावतो ते यासाठीच.

दोन्ही अवयव मूळ आहेत, हे २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पडताळावे. मग विभाजक चार, त्यांची बेरीज ४४,०२२ × ४६,०६२. आणि दोन्ही अवयवांना ४ ने भागल्यास बाकी १ उरत असल्याने मूळची संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे मांडता येते.