ध्यानाला बसलं की डुलकी: माझा उपाय

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाचं सामुदायिक ध्यान पहाटे असते. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीची ही रीत अमरावती जिल्ह्यात मुरलेली आहे. मी बसायचो, पण थोड्याच वेळात मान खाली. बिघाड आदल्या संध्याकाळीच होत होता.

आधी चहाला धरलं. वावरातून आल्यावर एक, मग पारावर एक, असं रात्री आठपर्यंत चालायचं. चहातलं निम्मं कॅफीन अंगातून उतरायला साधारण ५ तास लागतात. मग झोप गाढ कशी लागणार? आता चारनंतर चहा बंद. पारावर जातो, पण नुसता बसतो. 'काहून भाऊ, तब्येत बरी नाही काय?' हे ऐकून घ्यावं लागते.

जेवण दिवेलागणीला: भाकर अन् पातळ वरण. तर्रीची भाजी दुपारी. बसताना सतरंजीची घडी कमरेखाली घेतो. गुडघे टेकतात, पाठ सरळ राहते.

खरी पंचाईत रब्बीत. कृषिपंपाची लाईन पाळीपाळीनं, कधी दिवसा तर कधी रात्री. हरभऱ्याला पाणी देत रात्र धुऱ्यावर काढल्यावर पहाटेचा हट्ट माझ्या मते फुकट. रात्रपाळीत आधी झोप पुरी करतो, अन् दुपारच्या जेवणाआधी कडुनिंबाखाली बसतो. पोट रिकामं असल्यानं पेंग येत नाही. उन्हाळ्यात मात्र ही सवलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत टिनाखाली सकाळी आठलाच जीव कासावीस होते, म्हणून अंगण शिंपून उजाडायच्या आत उरकतो.