नववीचं आम्ल-आम्लारी प्रॅक्टिकल: कांदा आदल्या रात्री चिरा

बीकर, ड्रॉपर, गॉगल तुम्ही काढालच, त्यावर वेळ घालवत नाही. कांदा आणलात का? रंग न बघता, नुसत्या वासाने आम्ल-आम्लारी ओळखायला तोच लागतो. आणि चिरायचा आदल्या रात्री, प्रॅक्टिकलच्या सकाळी नाही.

मागच्या वर्षी मी व्हीलचेअरवाल्या मुलीसाठी बुटकं टेबल लावलं, स्वतःवरच खूश झाले आणि लिटमस, म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणारा कागद, वाटत सुटले. वर्गातल्या एका मुलाला अजिबात दिसत नाही हे मला जूनपासून माहीत होतं. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, मी काय करू?" पूर्ण तास तो शेजारच्याचं 'निळा झाला' ऐकत बसला. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, माझ्या डोक्यात एकच होता, चाकाची खुर्ची.

तर कांदा. बारीक चिरायचा, सुती कापडाच्या पट्ट्यांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजमध्ये. सोलापुरात, चादरीच्या गावात, चिंध्यांना काय तोटा, फक्त खळ धुवून काढा. दुसऱ्या दिवशी एका पट्टीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीवर सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड, दोन-दोन थेंब, मग पट्ट्या पाण्याने धुवायच्या आणि मगच नाकाजवळ न्यायच्या, न धुता हुंगायला दिलंत तर निस्तरायचं तुम्हीच. आम्लाच्या पट्टीला कांद्याचा वास राहतो, आम्लारीच्या पट्टीचा जातो. आणि हे त्या एकट्याला नका देऊ, अख्ख्या वर्गाला द्या, डोळे मिटून. सर्दीवाल्यांना लिटमस.

बाटल्यांना रबरबँड, आम्लाला एक, आम्लारीला दोन, हाताला कळतं.

भाषेचं बघा. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी पोरांच्या घरी तेलुगू. तेलुगूत 'क्षारम्' म्हणजे आम्लारी, आपल्या पुस्तकात क्षार म्हणजे सॉल्ट. ताई तेलुगू माध्यमात शिकलेली असली की घरी मनापासून शिकवते आणि पोरगं इथं येऊन गोंधळतं, दोघांचीही चूक नाही. फळ्यावर शब्दांशेजारी चिंच, चुन्याची निवळी, मीठ असं लिहून टाका.

ग्रुपमध्ये मुली वही लिहितात नि मुलं ओततात, दर 10 मिनिटांनी बदला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, कमी ऐकू येणारं पोरगं तुमचे ओठ बघत असतं. निरीक्षण तोंडी सांगितलं तरी मार्क द्या. बाकी जर्नल-बिर्नल नेहमीचंच.

कांदा मात्र रात्रीच. सकाळी साडेसातला चिरून बघितलाय मी, कापडाला वास धरतच नाही. मार्केट यार्ड गाठायची गरज नाही, घरातले दोन पुरतात. नऊचा अलार्म लावा, रात्रीचा.