परदेशात बसून महाराष्ट्राच्या राजकारणावर नीट चिडायचं कसं

२३ नोव्हेंबर २०१९. फ्रँकफर्टात पहाटे साडेतीनचा सुमार, मी पोराची दुधाची बाटली पातेल्यात गरम करत उभा, दुसऱ्या हातात फोन आणि फोनवर राजभवनातला शपथविधी. झोपताना वाचलेलं की उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, नावावर एकमत झालंय, आणि उठून बघतोय तर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेतायत, मला वाटलं कोणीतरी फोटोशॉप केलंय. बायकोला हलवून दाखवलं, तिनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, पातेल्यातलं पाणी आटलंय बघ. तिकडं तेव्हा सकाळचे आठ वाजत आलेले, तरी सगळा महाराष्ट्र त्याला पहाटेचा शपथविधीच म्हणतो, माझ्यापुरती ती खरीच पहाट होती.

तिथून माझं जे सुरू झालं ते काही वर्षं थांबलंच नाही. ते सरकार चार दिवसांत गेलं, मग आघाडीचं आलं, मग जून २०२२ ला सुरत, गुवाहाटी, काय झाडी काय डोंगार, मग जुलै २०२३ ला राष्ट्रवादीचंही तेच, आता दोन शिवसेना दोन राष्ट्रवादी आणि कोणाचं चिन्ह कुठलं हे इथल्या जर्मन कलीगला समजावून सांगताना मी स्वतःच अडकलो. लंच ब्रेक संपला, त्याला काही कळलं नाही, माझं जेवण तसंच राहिलं. तर ज्यांचं असंच होतंय त्यांच्यासाठी लिहितोय. राग येऊ नये म्हणून नाही हां, राग यायलाच पाहिजे, फक्त तो कुठं लावायचा एवढंच सांगतोय.

आधी मतदारसंघावर या

राज्यात २८८ आमदार आहेत आणि त्यातला तुमचा एक. माझी गंमत अशी होती की गुवाहाटीच्या हॉटेलात कोण कोण उतरलंय ते मला पाठ होतं आणि आण्णांनी (माझे वडील, राहतात सांगलीत) फोनवर सहज विचारलं की आपल्या प्रभागात नगरसेवक कोण होते सांग बघू, तर मी गप्प. आण्णा म्हणाले, "आरं, मग कशाला डोक्याला ताप करून घेतोयस, तुला हितलं तर काय म्हाईतच न्हाई." लई लागलं ते मला.

म्हणून पहिलं काम हे की एक रविवार काढा आणि फक्त आपल्या मतदारसंघाचं वाचा. उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर असतं, फॉर्म २६ म्हणतात त्याला, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं. ते अवघड वाटत असेल तर मायनेता या साइटवर तेच सोपं करून ठेवलेलं असतं. तिन्ही मोठ्या उमेदवारांची बघा, तुमच्या आवडत्या पक्षाचं सुद्धा, तेच मुद्दाम नीट वाचा. मागच्या वेळचं आणि आताचं शेजारी शेजारी ठेवून मालमत्तेचा आकडा बघा, कुठल्याही चॅनलवरच्या चर्चेपेक्षा जास्त कळतं.

आणि मग कळतं की आपल्याकडचं राजकारण मुंबईतल्या बातम्यांसारखं चालतच नाही. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत काय झालं बघा, आघाडीत जागा गेली ठाकरेंच्या शिवसेनेला, उमेदवार पैलवान चंद्रहार पाटील, आणि काँग्रेसवाले विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या संजयकाकांना लाखभर मतांनी पाडून निवडून आले, पैलवान तिसरे. मी इथं बसून सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो की मतं फुटणार आणि भाजप निघणार. आईनं मात्र महिनाभर आधी सांगितलेलं, ती बाजारात भाजी घ्यायला जाते, मी फक्त यूट्यूबवर जातो.

दुसरं म्हणजे आपल्या गावाचा जो खरा प्रश्न आहे तो पकडा. आमच्याकडं तो पाण्याचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही माहीत असतं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. कर्नाटकाला अलमट्टीची उंची ५१९ मीटरवरून ५२४ वर न्यायचीय, त्यावर आमच्याकडं आंदोलनं होतात, धरणाच्या फुगवट्यानं पूर येतो का कोयनेच्या विसर्गानं का नदीपात्रातल्या बांधकामांनी यावर घराघरात भांडणं होतात, सरकार कोणाचंही असो. यातलं मी आधी एक अक्षर वाचलं नव्हतं. आता पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी मुख्यमंत्री काय बोलले ते बघायच्या आधी कोयनेचा विसर्ग बघतो. चिडायचंय ना, मग यावर चिडा, इथं निदान फूट आणि क्युसेक तरी आहेत, कोणाच्या मनात काय चाललंय याचे अंदाज नाहीत.

बातम्यांचं म्हणाल तर एक जिल्ह्याची पुरवणी आणि आठवड्यातून एक बरा लेख, बास. ब्रेकिंगची नोटिफिकेशनं बंद. साडेतीन-साडेचार तासांचा फरक आहे, तिकडं रात्री नऊला जी भांडणं टीव्हीवर लागतात ती इथं बरोबर ऑफिसच्या शेवटच्या तासात येतात, माझ्या कोडमधले निम्मे बग त्या तासातले आहेत.

फॅमिली ग्रुपवर कसं वागायचं

हे मी चुकून चुकून शिकलोय. एकदा खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्याची क्लिप आली, मी ती "बघा तुमचा विकास" असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकली. दहा मिनिटांत चुलतभावानं मागच्या बसवरची पाटी झूम करून पाठवली, पाटी कन्नडमध्ये. रस्ता आपल्या राज्यातलाच नव्हता. वर आत्यानं हसायची इमोजी टाकली आणि भाऊजींनी लिहिलं, "साहेब, तिकडच्या ऑटोबानचे फोटो टाका, ते तरी खरे असतात." माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन दिवस मी ग्रुपवर गुड मॉर्निंगलाही रिप्लाय दिला नाही.

तर नियम असा केलाय की क्लिप आली की आधी पाटी, नंबर प्लेट, झाडं, लोकांचे कपडे बघायचे, एखादी फ्रेम घेऊन गुगल लेन्सवर टाकायची, आणि तरीही ग्रुपवर टाकायची नाहीच. सांगायचं त्याला वेगळा फोन करायचा. ग्रुपवर माणूस सगळ्यांसमोर असतो म्हणून मागं हटत नाही, फोनवर तोच भाऊ म्हणतो की हो रे, मलाही पटत नाही पण करणार काय, पोराचं ॲडमिशन त्यांच्याच संस्थेत आहे. हे कळल्यावर मग आपण कुठल्या तोंडानं त्याला "तुम्ही लोक असल्यांना निवडून देताच कसे" म्हणायचं? "तुम्ही लोक" हे दोन शब्द तर टाइपच करू नका. तिकडून लगेच येतं, मग ये की इकडं. आणि ते बरोबरच असतं.

माहिती मागवा

परदेशात असलात तरी भारताचे नागरिक आहात तोवर माहिती अधिकार तुमचा आहे. महाराष्ट्राचं आरटीआयचं ऑनलाइन पोर्टल आहे, फी १० रुपये, भारतातलं बँक खातं चालू असेल तर पाच मिनिटांचं काम. राज्याचा नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, आणि आमच्यासारख्यांची खरी परीक्षा तिथंच आहे कारण माझा पहिला मसुदा साडेचारशे शब्दांचा झाला होता आणि त्यात "हे लज्जास्पद आहे" दोनदा होतं. सगळं काढलं. राहिलं एवढंच: अमुक वर्षी अमुक भागात मान्सूनपूर्व नालेसफाई किती मीटर झाली, बिल किती निघालं, मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी. का, कशामुळे, तुम्हाला काय वाटतं असले प्रश्न विचारायचे नाहीत, कागद मागायचा. ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, मला २६ व्या दिवशी मिळालं, मी ते आण्णांना पाठवलं, ते प्रिंट काढून कट्ट्यावर घेऊन गेले आणि दोन आठवडे तिथं दुसरा विषय नव्हता.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, आमदार निधीही आता तेवढाच, त्यातली तुमच्या गल्लीजवळची कामं कुठली हे सुद्धा असंच विचारता येतं.

मत द्यायचं असेल तर

इथं बऱ्याच जणांना वाटतं की एनआरआयना मत नाही. आहे. २०११ पासून आहे, फॉर्म ६ए भरायचा, ऑनलाइन होतो, फोटो, पासपोर्टाची पानं आणि व्हिसाची प्रत लागते, पासपोर्टावर भारतातला जो पत्ता आहे त्या मतदारसंघात नाव लागतं (म्हणून इकडं पासपोर्ट रिन्यू करताना तिकडचा पत्ता राहील एवढं बघा). बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे त्या भागातले अधिकारी) घरी जाऊन चौकशी करतात, आईला आधी सांगून ठेवा नाहीतर ती म्हणणार तो इथं राहत नाही आणि विषय संपला. जुनं मतदार कार्ड असेल तर ते परत करायचं, नवीन मिळत नाही, केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवून मत द्यायचं.

आणि खरी गोची ही की मत द्यायला स्वतः जावं लागतं. पोस्टानं नाही, ऑनलाइन नाही, वकिलातीत नाही. दुसऱ्याला आपल्या वतीनं मत टाकू देणारं विधेयक २०१८ ला लोकसभेत पास झालं होतं, राज्यसभेतून झालं नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर बुडालं. २०२४ च्या लोकसभेला १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती आणि प्रत्यक्ष येऊन मत दिलं २,९५८ जणांनी, त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंद ५,०९७ आणि आले १७. सतरा! एवढे तर आमच्या इथल्या गणपतीला मोदक वळायला असतात. त्या पाच हजारांत मी आहे, सतरांत नाही, त्यामुळे मला फार बोलायचा हक्क नाही.

जायचंच असेल तर हिशोब असा ठेवा. २०२४ ला लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली आणि सांगलीचं मतदान ७ मेला, म्हणजे ५२ दिवस मिळाले, विधानसभेला १५ ऑक्टोबर ते २० नोव्हेंबर, फक्त ३६ दिवस. तारीख कळल्यावर तिकीट काढलं तर खिसा रिकामा, म्हणून आधीच बदलता येणारं तिकीट घ्या आणि त्या वर्षीची मोठी सुट्टी कुठंच खर्च करू नका. महापालिकेचा तर भरवसाच नाही, आमच्याकडं २०१८ ला निवडून आलेल्यांची मुदत २०२३ ला संपली आणि पुढचं मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला, मधली सगळी वर्षं प्रशासक.

पासपोर्टचं भांडण

जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व चालू केलं, ऑफिसमधल्या तुर्की मैत्रिणीनं दुसऱ्याच महिन्यात अर्ज टाकला. आपल्याला तिकडून अडचण नाही, आपल्याकडून आहे, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) मत देता येत नाही. पक्षाला देणगीही देता येत नाही, ती परदेशी मदत ठरते. आमच्या घरी यावर अजून एकमत नाही. बायको म्हणते, गेल्या दहा वर्षांत तू किती वेळा मत दिलंस? मी म्हणतो, प्रश्न तो नाही. ती म्हणते, मग कुठला आहे? इथं मी दरवेळी चहा टाकायला उठतो.

जर्मनीचा किंवा युरोपियन युनियनमधल्या दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसेल तर इथल्या महापालिकेलाही मत नाही, पण आमच्या हेसन राज्यात परदेशी रहिवाशांची सल्लागार परिषद असते, तिच्या निवडणुकीत आपल्याला मत आहे. २०२१ च्या मार्चमध्ये त्याचं पत्र घरी आलं होतं आणि मी ते जाहिरात समजून कागदाच्या डब्यात टाकलं, आणि त्याच संध्याकाळी फोनवर आण्णांना सांगत होतो की आपल्याकडं लोकांना मतदानाचं महत्त्वच नाही.

निकालाचा दिवस

मतमोजणी तिकडं सकाळी आठला सुरू होते, म्हणजे इथं हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार. उठू नका. पहिला अर्धा तास टपाली मतं असतात, त्यावर चॅनलवाले सरकारं बनवतात आणि पाडतात, तुम्ही उगाच बीपी वाढवून घ्याल. मी आता सातचा अलार्म लावतो, चॅनल न लावता थेट आयोगाच्या साइटवर आपला मतदारसंघ उघडतो, आणि कितवी फेरी चाललीय ते बघतो, वीस-पंचवीसातली सहावी असेल तर फोन खाली ठेवून अंघोळ उरकून घेतो. मग आईला फोन. ती आधी विचारते, जेवलास का? मी सांगतो, अगं इथं सकाळ आहे.